मार्गासनीचा गोलकीपर

आम्ही तीन-चार जुने खेळाडू भोरच्या एसटी स्टँडवर भेटलो की बोलणं गुडघेदुखीवर सुरू होतं आणि सोपानवर येऊन थांबतं. साठ-सत्तरच्या दशकात या माणसानं पुणे, कलकत्ता, गोवा असं फिरून पगारावर गोल अडवले. मी बरीच वर्षं त्याच्यापुढं फुलबॅक. अडवलेले गोल आता कुणाला आठवत नाहीत. किस्से मात्र वाढतच चाललेत.

*

सोपान वेल्हे तालुक्यातल्या मार्गासनीहून येऊन पुण्याच्या एका कारखान्यात हमाल म्हणून लागला. तिथल्या टीमचा गोलकीपर आजारी पडला, तेव्हा साहेबांनी याची उंची बघून विचारलं, "कधी बॉल पकडलायस?"

"न्हाई. कौलं पकडलीत."

गावाकडं घर शाकारताना खालचा माणूस कौलं फेकतो, छपरावरचा झेलतो. सोपान कायम वरचा.

"किती फोडलीस?"

"येक. त्या दिशी आजानं जेवाय दिलं न्हाई."

त्याच संध्याकाळी साहेबांनी त्याला गोलमध्ये उभं केलं.

*

पहिल्या मोठ्या सामन्याला त्याची आई पुण्यात आली. आम्ही पाच गोलनी जिंकलो. बॉल आमच्या बाजूला फिरकलाच नाही. मी आईपुढं पेढे धरले. त्यांनी घेतले नाहीत.

"समदी पोरं मर मर पळत्यात आन् तू खांबाला टेकून हुबा," त्या सोपानला म्हणाल्या. "सायबानं बगितलं तर काडून टाकंल."

पुढच्या सामन्यात आमच्यावर चार गोल झाले. सोपान चिखलात लोळून ओळखू येईना. आम्ही माना खाली घालून बसलेलो. आईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"आज राबलास," त्या म्हणाल्या.

*

कामथडीला सोपानसाठी मुलगी बघायला गेलो. "मुलगा बॉल अडवतो" हे सांगायचं कसं, हीच काळजी. मुलीच्या वडिलांनी सोपानचे हात हातात घेतले. तीन बोटं मोडून वाकडी जुळलेली, तळवे सोललेले.

"आसं हात आता शेतकऱ्याचं बी ऱ्हायलं न्हाईत," ते म्हणाले.

नोकरीचं त्यांनी विचारलंच नाही. लग्न ठरलं.

*

मैदानावर सोपान बोलायचा ती वेल्ह्याचीच बोली. बॉल स्वतः घेणार असला की ओरडायचा, "म्या हाय!" ते ऐकलं की फुलबॅकनं बाजूला व्हायचं. मधे तो कलकत्त्याच्या एका टीमकडून खेळला, तिथल्या बंगाली सोबत्यांनाही त्यानं हेच शिकवलं.

पुढं आम्ही दोघं गोव्याच्या एका टीमकडं गेलो, आणि त्याची ती कलकत्त्याची टीम आमच्याशी खेळायला आली. कॉर्नरचा बॉल आला. मी डोकं लावणार, तेवढ्यात मागून आवाज, "म्या हाय!"

मी शहाण्यासारखा बाजूला झालो. मागं सोपानचा जुना बंगाली सोबती. त्यानं निवांत हेड मारून गोल केला.

मी सोपानची माफी मागितली.

"तुजी काय चूक न्हाई," तो म्हणाला. "त्यो बोललाच लई झ्याक."

*

खेळणं सोडून सोपान गावी आला, तेव्हा वेल्ह्यात ढालीचे सामने भरायचे. मार्गासनीकडून तो गोलमध्ये आणि मी पाहुणा फुलबॅक. बाहेर त्याच्यावर शेकड्यानं गोल झालेले, पण स्वतःच्या तालुक्यात एकही नाही. हे तो ज्याला त्याला सांगायचा.

एका वर्षी अंतिम सामना गुंजवणे गावाशी. ती टीम पहिल्यांदाच आलेली, निम्मे अनवाणी. मागं ट्रकभर गाव ढोल घेऊन. शेवटच्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. मग त्यांचा कॅप्टन बाळू यानं फटका मारला. गोलला जाळी नव्हती. बॉल खांबाजवळून मागच्या शेतात गेला. आतून की बाहेरून, कुणालाच कळेना. गुंजवण्याच्या म्हाताऱ्यांनी तोवर बाळूला खांद्यावर घेतलंही होतं.

पंच म्हणजे शाळेचे एक मास्तर. त्यांनाही दिसलं नव्हतं. ते म्हणाले, "सोपानराव, तुम्ही सांगाल ते खरं."

सोपान त्या म्हाताऱ्यांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आतनं ग्येला. गोल हाय."

ढाल गुंजवण्याला गेली. मी त्याच्याशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडायचं ठरवून त्याच्या घरी गेलो, तर ओट्यावर बाळू बसलेला. मांडीवर ढाल, टॉवेलात गुंडाळलेली.

"तात्या, ही तुमची तुमाला," तो म्हणाला. "बॉल बाहेरनं ग्येला व्हता. म्या सोता बगितलं."

सोपाननं चहाची कपबशी त्याच्यापुढं सरकवली.

"मला म्हाईत हाय की," तो म्हणाला. "म्या तितंच हुबा व्हतो."