मोबाइलच्या पाठीवरची टिकली

शाळेतली माझी खोली म्हणजे अर्धं खेळाचं सामान आणि अर्धी मी. एका भिंतीला लेझीम, फुटबॉलची जाळी आणि गेल्या गॅदरिंगमधला थर्माकोलचा किल्ला. उरलेल्या जागेत टेबल, बुटक्या खुर्च्या आणि चेहऱ्यांचा तक्ता, हसरा, रडका, चिडका, घाबरलेला. दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी आहे. जरीपटका वस्तीतल्या आमच्या शाळेतल्या पहिली-दुसरीच्या पोरांना ती वाचता येत नाही, आणि ज्या पालकांना येते ते दारातच ठणकावतात, “आमचं पोरगं पागल नाही, मॅडम.” शिक्षक माझ्याकडे मुलं पाठवतात ती मिक्सर दुरुस्तीला टाकावा तशी. तास संपायच्या आत नीट करून परत हवा असतो.

पूर्वी मला याचा राग यायचा. ज्या हिवाळ्याबद्दल मी लिहिते आहे त्या हिवाळ्यात रागही येत नव्हता.

माझा नवरा दिवाळीनंतर वारला. लांबलेलं आजारपण होतं, त्यामुळे धक्का बसला असंही म्हणता येत नाही. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि त्यानंतरच्या सोमवारी मी आंघोळ केली, साडी नेसले, आरशावर चिकटवून ठेवलेली टिकली काढून कपाळाला लावली आणि शाळेत आले. त्यात बंडबिंड काही नव्हतं. हात सवयीने आरशाकडे गेला, एवढंच. स्टाफरूममध्ये सगळ्या एकदम गप्प झाल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण सगळ्यांच्या देखत ती काढायची तरी कशी? म्हणून दुसऱ्या दिवशीही लावली. काही दिवस कुजबुज झाली, मग चाचणी परीक्षेचे पेपर तपासायला आले आणि लोकांना दुसरं दुःख मिळालं. संक्रांतीला स्टाफरूममध्ये हळदीकुंकू होतं. त्या वेळात मी मुद्दाम मुलांना खोलीत बोलावून घेतलं. त्यांचीही सोय झाली, माझीही.

“किती धीराच्या आहात हो तुम्ही,” एक बाई म्हणाल्या. धीर कसला डोंबलाचा. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा आपला असून आपला वाटत नाही, तशी मी सगळीच झाले होते. रडू आलं नव्हतं. भाजीत मीठ आहे की नाही ते कळत नव्हतं. काम मात्र नीट करत होते, कारण काम हाताला पाठ होतं.

संक्रांत होऊन गेल्यावर दुसरीतली एक मुलगी माझ्याकडे आली. वर्गातल्या एका मुलाच्या दंडाला ती कडकडून चावली होती. मुलाची आई मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये भांडून गेली होती आणि मोठ्या मॅडमनी मला निरोप दिला होता, “पोरगी चावली नाही पाहिजे, बस.”

काय झालं ते वर्गशिक्षिकेने सांगितलं. वर्गात ‘माझे कुटुंब’ चालू होतं. एकेकाने उभं राहून बोलायचं. ही मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, माझे बाबा कळमेश्वरच्या कंपनीत होते, आता कंपनीने त्यांना गुजरातला पाठवलं आहे. तेव्हा तो मुलगा म्हणाला, “तुझे बाबा तर मेले.” त्यांची घरं एकाच गल्लीत. यावर ती खाली बसली. मधल्या सुट्टीत मात्र चावली.

“आणि बाबा?” मी विचारलं.

“मेलेच ना, मॅडम. अटॅक आला, कंपनीतच. पण तिले माहीत नाही. घरच्यांनी सांगून ठेवलं, शाळेत कोणी विषय काढायचा नाही.”

बाप गेला त्या दिवशी मुलीला कन्हानच्या मावशीकडे पाठवून दिलं होतं. तेरवी आटोपल्यावर परत आणलं. गुजरातची गोष्ट तिथेच ठरली. असं खोटं टिकत नाही. घरच्यांनी सांगितलं नाही तर गल्ली सांगते, आणि गल्ली ते मैदानात, सगळ्यांसमोर सांगते. बाप गेल्याचं त्या मुलीने आईच्या मांडीवर बसून ऐकावं, एवढंच मला जमवायचं होतं. म्हणून मी आईला बोलावलं.

आई आली. तिशीही ओलांडली नसेल. कपाळ मोकळं, हात मोकळे. खुर्चीत बसताना तिने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला, आणि मला दिसलं की त्याच्या कव्हरवर एक मरून रंगाची टिकली चिकटवलेली आहे. मी टिकलीकडे बघते आहे हे तिच्या लक्षात आलं, तशी तिने मोबाइल उलटा केला.

“घरात तिच्यासमोर लावून राहिली मी,” ती हळू आवाजात म्हणाली. “बाहेर निघाली का जिन्यात काढते. घरी गेली का परत लावते. बांगड्याबी तशाच, पर्समध्ये राहतात.”

“हे कोणी सुचवलं?”

“सासूनंच सुचवलं. म्हणे, पोरगी बापाची लाडकी आहे, तुझं कपाळ पाहून तिले समजून जाईल. तिच्यासमोर लावत जा वं, बाहेर नको.”

मी अनेक घरांत खोटं बोललेलं पाहिलं आहे, पण हे आमच्याच लोकांना सुचेल. दुष्टपणा त्यात तिळभर नव्हता. चारचौघांसमोर रीत पाळायची आणि नातीसमोर मोडायची, आणि ही कसरत करायला मधला जिना. त्या सासूने सुनेला कपाळाचीही शिफ्ट लावून दिली होती. कधी काळी असं ऐकून मी तिचा हात धरला असता. त्या दिवशी मी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला आणि मुलांना मृत्यू कसा सांगावा ते पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. देवाघरी गेले म्हणू नका, झोपले म्हणू नका, गावाला गेले तर अजिबात म्हणू नका. मेले म्हणा, आणि तिला जवळ घ्या.

ती मान हलवत राहिली. उठता उठता म्हणाली, “सांगते, मॅडम. पण एकदा सांगितलं का हे पण गेलं.” तिचा अंगठा मोबाइलच्या पाठीवर, टिकलीवर होता. “घरात असली का वाटते, अजून सगळं आहे.”

तिने सांगितलं नाही. फोन केला की आज सांगते, उद्या सांगते. पोरीला ताप आहे. सासूला बरं नाही. चाचणी होऊन जाऊ द्या. मीही फोन करत राहिले, वैतागही न येता.

मुलगी मात्र माझ्याकडे येत होती. माझ्याकडे बटणांचा एक मोठा डबा आहे, बाजारातल्या शिंप्याकडून उरलीसुरली बटणं मागून मागून भरलेला. मुलांना समोर बसवून ‘तुला काय वाटतं’ विचारलं की त्यांना छान वाटतं, मस्त वाटतं, काहीच वाटत नाही. पण हाताला काम दिलं आणि नजर खाली असली की बोलणं आपसूक येतं. ती बटणं रंगाप्रमाणे लावायची, मग ते मोडून आकाराप्रमाणे लावायची. चावण्याबद्दल मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. अशा बऱ्याच बैठका गेल्या.

मग एकदा, पांढरी बटणं वेगळी करता करता, तिने विचारलं, “तुमचे मिस्टर काय करतात?”

“ते वारले.”

“म्हणजे मेले?”

“हो. मेले.”

तिने मान वर करून माझ्या कपाळाकडे बघितलं. बराच वेळ. “मग हे काहून लावलं?”

आपल्या आयुष्यातलं मुलांना सांगू नये, असं आम्हाला शिकवलेलं असतं. पण खोटं बोलायलाही थोडी ताकद लागते, आणि ती माझ्यात नव्हती. म्हटलं, “सवय आहे. म्हणून लावते.”

“कोणी रागावत नाही?”

“कुजबुजतात. मग कंटाळतात.”

ती पुन्हा बटणांकडे वळली. थोड्या वेळाने, त्याच आवाजात म्हणाली, “माझे बाबाबी मेले. आईले नका सांगू.”

मी हातातलं बटण खाली ठेवलं. “तुला कोणी सांगितलं?”

“कोणीच नाही. मावशीकडे सगळे मले पाहून रडत होते. आन् बाबाची गाडी घरीच आहे. गाडी सोडून बाबा कुठंच जात नाही.” मग म्हणाली, “आई जिन्यात टिकली काढते. मी वरून पाहते. वापस येते तेव्हा लावते, मग मले पाहून हसते. मले समजलं असं सांगितलं का ती कायमची काढून टाकते मग. शेजारच्या आजीसारखी होऊन जाते.”

“म्हणून तू त्याला चावलीस?”

“तो म्हणे, चल, तुझ्या आईलेच विचारतो.”

म्हणजे इतके दिवस आई मुलीसाठी सौभाग्यवती होत होती आणि मुलगी आईसाठी अजाण. बापाची आठवण काढून रडायला त्या घरात कोणालाच जागा नव्हती. हे मला समजलं, स्वच्छ समजलं. वाटलं मात्र काहीच नाही. मी बटणं डब्यात भरू लागले.

“आईलेबी चालते का मग?” तिने विचारलं. “तुमच्यासारखं?”

“ते आईच ठरवेल. तिला विचारावं लागेल.”

“तुम्ही विचारा.”

“मी नाही. तू विचार. मी बाजूला बसते.”

त्याच आठवड्यात मी आईला पुन्हा बोलावलं. सासूही आली होती, पण ती खाली गेटजवळच्या बाकावर बसली. मुलगी खोलीत असणार हे माहीत असल्यामुळे आई शाळेच्या जिन्यात टिकली लावून वर आली. ती घाईत थोडी तिरपी लागली होती.

मुलीने डबा मांडीवर घेतला होता. तिने आईकडे न बघता विचारलं, “आई, बाबा मेले ना?”

आईने आधी माझ्याकडे बघितलं, मीच फोडलं की काय म्हणून. मी नकारार्थी मान हलवली. मग तिचा हात उठला आणि थेट कपाळाकडे गेला. तिने ठरवून नेला नव्हता. आता मुलीला कळलं होतं, लपवायचं कारण संपलं होतं आणि हाताला रीत ठाऊक होती.

मुलगी उठली तसा डबा उपडा झाला. तिने दोन्ही हातांनी आईचं मनगट धरलं आणि खाली ओढलं. “नको काढू. मॅडमचे मिस्टरबी मेले. त्या लावतात. पाह्य ना, त्या लावतात.”

आईने माझ्या कपाळाकडे बघितलं. मग तिचा चेहरा फुटला आणि ती खुर्चीवरून खाली बटणांत बसली. मुलगी तिच्या मांडीवर चढली. तेव्हा दोघीही मोठमोठ्याने रडल्या. बाहेरून शिपाई डोकावून गेला. मी उकिडवी बसून बटणं गोळा करत राहिले, कारण त्या खोलीत माझं दुसरं काही काम उरलं नव्हतं.

निघताना दारात आईचा हात पुन्हा वर गेला. मुलगी अजून मनगट धरून होती. हात खाली आला. मी खिडकीतून बघितलं. गेटवर सासू उठून उभी राहिली. तिने सुनेच्या कपाळाकडे बघितलं, नातीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं. काही बोलली असेल तर मला वरून ऐकू आलं नाही. मग तिने नातीच्या खांद्यावरचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं, आणि तिघी ई-रिक्षात बसल्या. टिकली होती तशीच होती, तिरपी. पुढे घरात काय झालं ते मला माहीत नाही. मुलगी नंतर कोणाला चावली नाही, त्यामुळे मोठ्या मॅडमनीही विचारलं नाही.

रिक्षा गेली तरी मी खिडकीत उभी होते. मला त्या बाईचा हेवा वाटत होता. दिवाळीनंतर मला वाटलेली ती पहिली गोष्ट होती, आणि ती अशी कोती निघाली याची लाजही वाटली नाही. त्या सोमवारी माझा हात आरशाकडे गेला तेव्हा तो धरणारं घरात कोणी नव्हतं.