वहिनींचा कबुलीजबाब

घरात काहीही बिघडलं की वहिनी आधी म्हणत, "माझंच चुकलं." मांजरानं दूध सांडलं तरी तेच, आईच्या हातून बरणी फुटली तरी तेच. माझ्या थोरल्या भावाची, दादाची, ही बायको शिरढोणहून पनवेलला आमच्या घरी आली तेव्हा चांगली बोलकी होती, असं आई सांगे.

ही सवय आम्हीच लावली. आमटी खारट झाली की माझे वडील, अण्णा, घुश्शात गप्प बसत. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून वहिनी ते दोन शब्द म्हणेपर्यंत घरात कुणी तोंड उघडत नसे. पुढे पुढे कुणी रागावायच्या आतच त्या म्हणून मोकळ्या होऊ लागल्या. आम्हाला त्याचं हसू येई.

दादाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन गावातल्याच एका खाजगी इस्पितळात झालं. दुपारी पट्टी रक्तानं भिजली. वहिनी नर्सच्या खोलीकडे धावल्या. "येते, बसा तिथं," असं उत्तर मिळालं. त्या पुन्हा गेल्या, तेव्हा खोलीत कुणीच नव्हतं. डॉक्टर उगवले ते दिवेलागणीला. तोवर दादा गेला होता. डॉक्टर चढ्या आवाजात म्हणाले, "अहो, वेळेवर सांगायचं नाही?"

आणि वहिनी म्हणाल्या, "माझंच चुकलं."

अण्णांनी हलगर्जीपणाचा दावा लावला. कोर्टात डॉक्टरांच्या वकिलांनी नेमकं तेच वाक्य पुढे केलं.

"बाई, तुम्ही असं म्हणालात की नाही?"

"म्हणाले. पण मी बोलवायला गेले होते हो. पुन्हा पुन्हा गेले होते."

"मग चूक का कबूल केलीत?"

वहिनींनी अण्णांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

संध्याकाळी आमचे वकील घरी आले. "या बाई प्रत्येक गोष्टीला असंच म्हणतात, एवढं घरातल्या कुणी शपथेवर सांगितलं, तर दावा अजून हातात आहे."

"का म्हणतात, हेही विचारतील?" अण्णांनी विचारलं.

"विचारणारच."

"मग नको. घरातल्या गोष्टी कोर्टात कशाला?"

आई काही बोलली नाही. मीही नाही.

दावा फेटाळला गेला. बायकोच्याच दुर्लक्षानं नवरा गेला, असं गावात बोललं जाऊ लागलं. आम्ही ते खोडून काढलं नाही. पुढे वहिनींचा भाऊ बैलगाडी घेऊन आला आणि त्या माहेरी गेल्या.

दादाच्या श्राद्धाला त्यांना आणायला मी शिरढोणला गेलो. ओटीवर गावातल्या मुलींना शिवण शिकवत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, पाणी दिलं, आग्रहानं जेवायला वाढलं. निघायची गोष्ट काढली तशा शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, मी येणार नाही. वकीलसाहेब घरी आले, तेव्हा मी माजघरात होते. सगळं ऐकलंय. मामंजींना एवढं सांगा."

मी हात धुतला आणि एकटाच परत निघालो.

घरी येऊन निरोप सांगितला. दुसऱ्या दिवशी श्राद्धाला नातेवाईक जमले. कुणीतरी विचारलं, "सूनबाई दिसत नाहीत?"

"तिला बरं नाही," अण्णा म्हणाले.

त्यांचा इतका बारीक आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.