सुरतहून रायगडावर
काल सुरतजवळच्या इच्छापोरला, माझ्या कंपनीच्या मागे, माळी वाळलेलं गवत कापत होते. त्या वासासरशी मला रायगड आठवला. आई तेव्हा पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कापडाच्या घड्या घालायची. महाराजांची समाधी एकदा डोळ्यांनी बघायचीच, असं ती कित्येक वर्षं म्हणत होती, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी तिला घेऊन गेले. रोपवे असूनही ती पायऱ्यांनीच चढली. वर बाजारपेठेचे काळे चौथरे होते, कमरेइतकं पिवळं गवत होतं आणि पदर ठरू न देणारा वारा होता. आई दिसेल त्या दगडाला हात लावून नमस्कार करत होती. समाधीपाशी रांगेत आमच्या पुढे उभ्या असलेल्या आजोबांनी तिला विचारलं, "कुठून आलात, ताई?" "सुरतहून." ते मोठ्याने हसले. "सुरत? अहो, ती तर महाराजांनी लुटली!" रांगही हसली. आईसुद्धा हसली आणि घरी बोलते तशा खणखणीत अहिराणीत म्हणाली, "महाराजसनी लुटी, दादा. आम्ही तठे राबीसन घर उभं कयं." आजोबांनी हात जोडले आणि बाजूला सरकत म्हणाले, "मग आधी तुम्ही जा, ताई." आई पुढे झाली, समाधीसमोर बराच वेळ डोकं टेकवून राहिली. मी गुजराती शाळेत शिकलेली. तुम्ही नक्की कुठले, असं कुणी विचारलं की मी तोवर अडखळायचे. आता अडखळत नाही. आम्ही खानदेशचे, सांगते, आणि सुरतही आमचीच.