दोन सीटची गाडी

पन्नाशीतल्या माणसाने स्पोर्ट्स कार घ्यावी का, असं लालबागमध्ये कुणालाही विचारलं असतं तरी एकच उत्तर मिळालं असतं. म्हणून मी कुणाला विचारलंच नाही. गाडी दिल्लीत होती. लाल, छप्पर उघडणारी, दोन सीटची, बारा वर्षं वापरलेली. पंचवीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांच्या फायली पुढे सरकवल्यावर मला स्वतःसाठी एकच गोष्ट हवी होती, ती ही. आता नाही तर कधीच नाही, हेही मला पक्कं ठाऊक होतं.

दिल्लीला जाऊन बघायला रजा नव्हती. महिनाभर मी फोटोच मोठे करकरून बघत होतो. बॉनेटच्या दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का, दाराच्या बिजागरीच्या स्क्रूवरचा रंग उडालाय का, चारही टायर एकाच वर्षाचे आहेत का. सगळ्या फोटोंत गाडी ओली होती. ओल्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत, हे मला माहीत होतं. पण जीव जडलेल्या माणसाला माहीत असून काय उपयोग?

एका रविवारी जेवताना बायकोने फोटो बघितला. "दोनच सीट? मग बाबांना कुठे बसवणार?"

"गणपतीनंतर बाबा गावालाच असणार ना, काकाकडे," मी म्हणालो. "त्यांना सांगू सावकाश."

बाबा समोरच बसून बांगड्याचे काटे काढत होते. त्यांच्यापासून लपवायची गरजच नव्हती. परळच्या गिरणीत त्यांनी जन्मभर साचे, म्हणजे माग, चालवले. त्या खडखडाटात कान गेले ते गेलेच. समोर उभं राहून ओरडलं तर थोडंफार कळतं, एवढंच. शिट्टी ऐकू न आल्यामुळे दोनदा कुकर जळला होता आणि आम्ही दोघंही दिवसभर बाहेर. तेव्हा गाव, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं.

गाडीवाल्याने शनिवारी दुपारी व्हिडिओ कॉल केला. मी फोन टीव्हीला जोडला. बाबाही शेजारी येऊन बसले. तिकडे कुणीतरी फोन धरून उभा होता आणि गाडीवाला स्वतः आत बसला होता. इंजिन गार असतानाच चालू करा, असं मी बजावलं होतं. "एकदम ठंडा है, सर," म्हणत त्याने चावी फिरवली आणि रेस दिली. काय तो आवाज! घर भरून गेलं. गाडीवाला फोन धरणाऱ्याला हसत काहीतरी म्हणाला, पण त्या आवाजात मला शब्दही ऐकू आला नाही. यायलाही नको होता.

बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तो म्हणता, सीटखालचा कारपेट उचलू नको. पाण्याचो डाग दिसतलो."

मला हसूच आलं. तरी इंजिन बंद झाल्यावर मी सहज म्हटलं, "ज़रा सीट के नीचे का कारपेट उठाके दिखाओ." गाडीवाल्याचं हसू मावळलं. कारपेट चिकटवलेलं आहे, निघत नाही, म्हणाला. मी पुन्हा म्हटलं, तर कॉल कट झाला. त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही.

म्हणजे पाण्यात बुडून निघालेली गाडी. मी बंद टीव्हीकडे बघत बसून राहिलो. खोटं कशाला बोलू, रडायलाच आलं. महिनाभर मनातल्या मनात मी ती गाडी मरीन ड्राइव्हला फिरवत होतो.

मग बाबांकडे वळून पुटपुटल्यासारखं विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"साच्यार कोणाक आयकाक येता?" ते म्हणाले. "आमी सगळे ओठ बघूनच बोलायचो."

तेव्हा लक्षात आलं, आता मी ओरडलो नव्हतो. इतकी वर्षं आम्ही ओरडत होतो ते फुकट. त्यांना फक्त आमची तोंडं दिसायला हवी होती, आणि ती त्यांना रोज दिसत होती. रविवारी जेवताना तर अगदी समोर.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"गावचा तिकीट गणपतीनंतरचाच काढ," ते म्हणाले. "तेव्हा जाणाऱ्या गाडयेक गर्दी नसता."

मी तोंड उघडलं. ते माझ्या ओठांकडे बघत थांबले. मी तोंड परत मिटलं. मग ते उठले आणि गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल आणायला गेले.

तिकीट मी गणपतीनंतरचंच काढलं.