निर्धूर चूल तयार आहे का?

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपुरात, आरोग्य खात्याच्या पाहणी विभागात नोकरीला होते. एखादी नवी गोष्ट एका गावात चालली, तर ती सगळ्या तालुक्यात चालेल का, हे जाऊन बघायचं आणि साहेबांना सांगायचं, असं ते काम. पण लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही नेमकं करता काय?" तर मला कधीच धड सांगता आलं नाही. शेवटी शेवटी मी नुसतं "सरकारी नोकरी" म्हणायला लागले.

त्या उन्हाळ्यात निर्धूर चुलीची पाळी होती. मातीची लांबट चूल, वर दोन भांड्यांसाठी दोन तोंडं आणि मागून छपराबाहेर काढलेला सिमेंटचा पाइप. धूर पाइपातून बाहेर जाणार आणि बायकांचे डोळे, छाती वाचणार. कोराडी रोडवरून आत असलेल्या एका गावात आदल्या वर्षी अशा चुली घरोघरी घालून दिल्या होत्या.

साहेब म्हणाले, "बाई, पावसाळ्याआधी साऱ्या तालुक्यात द्यायच्या म्हणताहेत. एकदा बघून या. तयार आहे की नाही, तेवढं सांगा."

एसटीतून उतरले तेव्हा सकाळच होती, पण ऊन तापलं होतं. कोराडीच्या वीजकेंद्राकडे कोळशाचे ट्रक जात होते. पदर नाकाला लावून मी गावापर्यंत चालत गेले. चुली बघायला कुणी येणार हे गावाला आधीच कळवलेलं होतं, त्यामुळे मला सरळ एका घरी नेलं. पाहुण्यांना दाखवायचं घर ते ठरलेलंच होतं. घर एका विधवा बाईचं. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगाने वाळलेली. तिला मी मावशी म्हणू लागले. चूल स्वच्छ सारवलेली होती, शेजारी रांगोळी होती आणि पाइपातून धुराची रेघ सरळ वर जात होती.

"बसा जी बाई," मावशी म्हणाली. "लय झ्याक चूल हाय. पहिले खोकला मले बोलू देत नव्हता. डोये चुरचुरत नाही आता."

हे ती अनेकांना सांगून चुकली होती, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. मलाही ते अनेकदा ऐकल्यासारखं वाटत होतं. मला खरं तर तिथूनच परतायचं होतं. चूल चालते, बाई खूश आहे, काम संपलं. पण हात धुवायला म्हणून मी मागच्या अंगणात गेले, तर तिथे पत्र्याच्या आडोशाला तिची सून जुन्या उघड्या चुलीपुढे बसून भाकरी भाजत होती. तिला सातवा-आठवा महिना असावा. धुराने डोळे लाल झाले होते. मला बघून ती दचकून उठायला लागली.

मावशी मागून आली. "बस वं, बस," ती सुनेला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "काय करता बाई? भाकर फुगतच नाही तिच्यावर. निखाऱ्याले लावाले जागाच नाही. भाजी, वरण होते. चहा होते. भाकर इथंच करा लागते."

"मग आत्ता आत कशासाठी पेटवली?"

"तुमी येऊन राहिल्या ना."

मग मी बाकीची घरं पाहिली. बऱ्याच ठिकाणी पाइप काजळीने बंद झाला होता. चुली घालून देणारा गवंडी वीजकेंद्राच्या वसाहतीत कामाला निघून गेला होता आणि पाइप कसा साफ करायचा हे कुणाला ठाऊक नव्हतं. एकीने मोठं पातेलं बसावं म्हणून वरचं तोंड फोडून रुंद केलं होतं, त्यामुळे धूर पुन्हा घरातच येत होता. काही घरी मात्र चूल खरोखर वापरात होती आणि त्या बायका मनापासून बरं बोलत होत्या.

निघताना मावशी वेशीपर्यंत आली.

"तुमी खराब लिहान तं पाइप काढून नेतील काय जी?"

"नाही मावशी."

"नका नेऊ. भाकर होईन अशी करून द्या. सुनेले लेकरू होईन आता. ते धुरातच बसन काय तिच्यापाशी?"

अहवाल लिहिताना मी दोन्ही लिहिलं. चूल चांगली आहे, पण अजून तयार नाही. सरपण घालायचं पुढचं तोंड भाकरी निखाऱ्याला लावता येईल असं हवं. प्रत्येक गावात पाइप साफ करणारं कुणीतरी हवं. आणखी एक पावसाळा थोड्याच गावांत बघावं.

साहेबांनी ते नीट वाचलं. माणूस वाईट नव्हता, माझ्याइतकाच थकलेला होता.

"बाई, तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण वरून टार्गेट आलंय. आत्ता नाही म्हटलं तर ही योजना दुसऱ्या जिल्ह्यात जाईल, आपल्याकडे परत येईलच असं नाही. आणि पूर्ण तयार होईपर्यंत थांबायचं, तर तोवर बायका धुरातच बसणार ना?"

तरी त्यांनी एक केलं. मावशीच्या गावात बदललेल्या तोंडाची चूल करून बघायला परवानगी मिळवून दिली. बाकी तालुक्यात जुन्याच पद्धतीच्या चुली बसल्या.

पुढच्या हिवाळ्यात मी कन्हानकडची गावं फिरले. चुली होत्या. त्यांच्यावर मडकी मांडलेली होती, एकीत कोंबडी अंड्यांवर बसली होती, पाइपावर दोडक्याचा वेल चढवलेला होता. बायका हसून म्हणत, "हाय ना बाई, हाय." मी वहीत खूण करून पुढे जायचे.

मग मावशीकडे गेले. सून घरातच चुलीपुढे बसली होती, बाळ टोपल्यात निजलं होतं. पुढे वाढवलेल्या तोंडाशी तिने भाकरी उभी केली, ती फुगली. मागची जुनी चूल मोडून तिथे सरपण रचलं होतं. गावातल्या निम्म्याहून जास्त घरी आता असंच चाललं होतं. पाइप साफ करायला सुनेचाच नवरा जात होता. मावशीने मला जेवू घातलं. खोकला तिला अजून होता, पण कमी.

नागपूरला परतले ती मनाशी वाक्य जुळवतच. आता तयार आहे, असं सांगायचं होतं. पण साहेबांची बदली झाली होती. नवे साहेब तरुण होते, आदराने बोलले.

"बसा ना, मॅडम. चुलींचं काम तर पूर्ण झालं. टार्गेट शंभर टक्के. ती फाइल बंद झालीय."

"पण खरी चूल आत्ता कुठे जमलीय, सर."

"असेल," ते म्हणाले. "पण फाइल बंद झाल्यावर नव्या चुलींचा खर्च दाखवणार कशात?"

मी तरी लिहून नेलेला कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो घेतला, सही केली, बाजूला ठेवला. लकडगंजच्या घरी पोचले तेव्हा यजमान आधीच आले होते. "कसं झालं?" त्यांनी विचारलं. "चांगलं झालं," मी म्हणाले, आणि चपला काढून तिथेच खाली बसले.