ओ-पेअरच्या पलंगावरचे कोट

आमच्या घरी सतरंजीवर ताज्या शाईची पत्रकं वाळत पडलेली असायची. बाबा सूतगिरणीच्या युनियनचं काम करायचे. 'जाहीर निषेध' हे शब्द मी 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचायला शिकले. पुढे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी एम.एस. करायला आले. हिवाळ्याच्या पहिल्याच सुट्टीत मिशिगनमधल्या ट्रॉयला मावसबहिणीकडे राहायला गेले, तर तिच्याकडे जुळ्या पोरांना सांभाळायला एक पोलिश मुलगी राहत होती. माझे कान टवकारले.

"कामवाली ठेवलीस, ताई?" मी दारातच विचारलं.

"ओ-पेअर आहे ती. बूट काढ आधी, बर्फ आत आणू नकोस."

ओ-पेअर म्हणजे परदेशातून वर्षभरासाठी आलेली तरुण मुलगी. ती कुटुंबात राहते, मुलं सांभाळते, इंग्रजी सुधारते, जमेल तसा एखादा कोर्स करते. घरानं तिला राहायला स्वतंत्र खोली, जेवण आणि हातखर्च द्यायचा. हे सगळं ताईनं मला चहा गाळता गाळता सांगितलं. शेवटी म्हणाली, "आम्ही तिला घरचीच मानतो."

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. आमच्या गावच्या गिरणीमालकाचं ते आवडतं वाक्य होतं. 'आपण सगळे एक कुटुंब' असं तो म्हणाला की बाबा नवं पत्रक लिहायला घ्यायचे.

मी शोध सुरू केला. फ्रिजवर तिच्या कामाचा तक्ता लावलेला होता. आठवड्याला पंचेचाळीस तास, दिवसाला दहापेक्षा जास्त नाहीत, शनिवार-रविवार रिकामे. ताई एका मोटार कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होती, त्यामुळे तक्त्यात चार रंग होते.

"माझी सुट्टीसुद्धा इतकी नीट लिहून ठेवलेली नाही," भावजी म्हणाले. "माझ्या बाजूनं काही लिहिणार असशील तर सांग."

तासांत चूक सापडेना. स्वयंपाक तिला सांगत नव्हते, मोठ्यांचे कपडे धुवायला लावत नव्हते. खोली खाली, बाहेरच्या दाराला लागून, छान उजेडाची. तरीही मी एक मसुदा लिहिला. मागण्या नऊ झाल्या. सातवी होती, 'पुलाव तिखट करू नये.' आठ झाल्यावर नववी सुचतेच.

बाबांचा एक नियम होता. ज्याच्यासाठी पत्रक, त्याला ते आधी वाचून दाखवायचं. रविवारी सकाळी ती मुलगी टेबलाशी सिरियल खात होती. मी समोर बसले आणि एकेक मागणी इंग्रजीत सांगितली. तिनं चमचा न थांबवता सगळं ऐकलं.

"पुलाव मला आवडतो," ती म्हणाली. "बाकी सगळं मला मिळतंच. माझं एकच आहे, ते तू लिहिलंच नाहीस."

"काय?"

"कोट."

मला कळलं नाही. मग तिनं सांगितलं. दर शनिवारी दुपारी ताईकडे पॉटलक असायचं, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ घेऊन यायचं. पंधरा-वीस माणसं, प्रत्येकाचा हा एवढा जाड कोट. दारालगतची खोली हिची, म्हणून सगळे कोट हिच्या पलंगावर. त्यावर एखादं झोपलेलं बाळ. मग कोणी डायपर बदलायला आत, कोणी साडीची पिन लावायला, कोणी शांतपणे फोनवर बोलायला. दारावर टकटक कोणीच करत नसे. आणि शनिवारची दुपार हीच तिची आईशी बोलायची वेळ होती. आई तिकडे बेकरीत पहाटेच्या पाळीला होती; रविवारी ती घरी नसायची आणि बाकीचे दिवस हिला मोकळा वेळ मिळेस्तोवर झोपून जायची. तीन शनिवार ही मुलगी परदेशी फोनचं कॉलिंग कार्ड घेऊन लाँड्रीच्या खोलीत ड्रायरवर बसून बोलत होती.

"ड्रायर चालू असतो," ती म्हणाली. "आई विचारते, सुट्टीच्या दिवशीही तुला धुणं धुवायला लावतात का. मी नाही म्हणते. तिला पटत नाही. परत ये म्हणते."

"मग तू सांगायचं ना ताईला."

"त्या फार चांगल्या आहेत," ती म्हणाली. "चांगल्या माणसांना कसं सांगायचं?" बाऊल धुवायला उठता उठता ती आणखी म्हणाली, "तुझा तो हिरवा कोट. तो नेहमी उशीवर असतो."

नऊ मागण्यांचा कागद मी घडी करून खिशात ठेवला. गेल्या दोन्ही शनिवारी पाहुणे यायच्या आधीच मी बाजारातून येऊन कोट तिथं टाकला होता. म्हणजे ढिगाची सुरुवात मीच केली होती. आमच्याकडे घरातल्या घरात दार वाजवायची पद्धत नव्हती. बंद दार म्हणजे आत कोणीतरी रुसलंय किंवा आजारी आहे, एवढंच आम्हाला माहीत.

ताई कोथिंबीर निवडत होती. मी तिला सांगितलं.

"अगं, कोट तर आहेत," ती म्हणाली. "कोणी तिची खोली काढून घेतलीय का? आणि तिनं बाहेर यावं ना, आपल्यात बसावं. मी दर वेळी बोलावते."

"तिची सुट्टी असते, ताई. बसायचं की नाही ते तिनं ठरवायचं."

"मग कोट ठेवू कुठे? बाथटबमध्ये?"

"वर तुमच्या पलंगावर."

"माझ्या बेडरूममध्ये?" ताईनं कोथिंबीर खाली ठेवली. "यार, माझी पर्सनल जागा आहे ती. सगळ्या गावानं तिथं..."

ती थांबली. मी कोथिंबिरीच्या काड्या गोळा करून कचऱ्याच्या डब्याकडे निघाले. 

"काड्या फेकू नकोस, सारात घालते," ताई शेवटी म्हणाली. "आणि त्या वरच्या खुर्चीवरचे कपडे आवरायला लाग माझ्याबरोबर. शनिवारपर्यंत तरी दिसायला हवी ती खोली."

शनिवारी मी दारात उभी राहून कोट गोळा केले आणि जिन्यावरून वर वाहिले. एकदा चार, एकदा सहा, एकदा एका काकांचा एकच, पण तो चार कोटांच्या वजनाचा. एक काकू सवयीनं उजवीकडे वळल्या आणि त्यांचा हात कडीवर गेला.

"काकू, तिथं नको. वर."

"का गं? आजारी आहे का पोरगी?"

"नाही. तिची खोली आहे."

"असं होय," काकू म्हणाल्या आणि कोट माझ्या हाती न देता गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी चढू लागल्या. ते बघून मला वाईट वाटलं. मी त्यांना खाली बोलावलं आणि त्यांचा कोट खालीच खांद्यावर घेऊन फिरले.

दुपारी तीनच्या सुमारास ताईनं साबुदाणा वडे तळले. एका ताटलीत चार वडे, दही, शेजारी साखरेची वाटी. ताटली घेऊन ती त्या दाराशी गेली. दोन्ही हात अडकलेले होते, म्हणून तिनं कोपरानं दार वाजवलं. आतून पोलिशमध्ये हसण्याचा आवाज आला, मग इंग्रजीत, "एक मिनिट."

ताई माझ्याकडे वळली. "एक मिनिट म्हणतेय," ती कुजबुजली. "वडे गार होतील ना."

"होऊ देत."

ती वड्यांकडे बघत राहिली. आतलं बोलणं चालूच होतं, घाई न करता. एक मिनिट झालं, दोन झाली. ताईनं भिंतीला पाठ टेकली, ताटली एका हातावर घेतली आणि थांबली.