मेसमधला कर्नल

मला अपूर्णांकांची बेरीज शिकवली ती कर्नलने. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना जीभ अडखळणार आहे.

कर्नल लष्करातला नव्हता. कुंडलचा, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, सांगलीत गणितात एम.एस्सी. करणारा. मी सातवीतून शाळा सोडून कोयनानगरहून आलेला, तो जेवायला यायचा त्या मेसमध्ये वाढप्या. जेवण झालं की तो ताटातल्या उरल्यासुरल्या आमटीत बोटाने आकड्यांच्या ओळी मांडायचा. मी ताट उचलायला गेलो की म्हणायचा, "दम धर गड्या, अजून दोन वळी हायत्या."

त्याच्या बोलण्यात सारखा 'कर्नल' यायचा. एकदा विचारलं, "कुठल्या पलटणीचा वो ह्यो?" तो हसून आडवा झाला. "आरं, ह्यो गणितातला, इंग्रजीत स्पेलिंगच येगळं. जात्यात घातलं तरी पीठ म्हणून पडत न्हाई, शून्यच पडतं, असं जे जे धान्य, त्या सगळ्याचा मिळून कर्नल. शून्य कोण कोण हुतंय ते हुडकलं की जात्याचा सभाव कळतो." मला ओ की ठो कळलं नाही. पण मेसभर मी ते सांगत सुटलो, आणि त्याचं नाव कर्नल पडलं.

मी बाहेरून मॅट्रिकला बसावं हा त्याचा हट्ट. दुपारी मेस रिकामी झाली की भाकरीचे चतकोर मोडून शिकवायचा. चुकलो तर म्हणायचा, "लय भारी चुकलास. आता हीच चूक परत करून दाव." परत करता यायची नाही, तोवर ती दिसलेली असायची.

दुसऱ्या वर्षी त्याचे वडील आले. हवालदार होऊन पेन्शनीत गेलेले. पोराला पुढे शिकवायचं, की विट्याच्या पाहुण्यांबरोबर परमुलखात सोनं गाळायच्या दुकानात धाडायचं, ते त्यांना ठरवायचं होतं. कर्नल कॉलेजात होता. मला जवळ बोलावून म्हणाले, "ही कालिजची पोरं एकमेकाला झाकत्यात. तू खरं सांग. कसं चाललंय आमच्याचं?"

पंगतीतली पोरं बघत होती. मला त्यांना हसवायचं होतं. म्हणालो, "आवं मामा, दोन वर्सं दळतोय, पण खाली शून्यच पडतंय."

पंगत हसली. हवालदारांनी घास खाली ठेवला आणि ताटातच हात धुतला. त्यांना ते मार्क वाटले, हे मला तिथंच कळलं. एका वाक्यात सावरता आलं असतं. पण कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली होती. मी आमटीची बादली घेऊन पुढे सरकलो.

तिसऱ्या दिवशी कर्नल वळकटी बांधून स्वयंपाकघराच्या दारात आला. वडिलांना त्याने मार्कांचे कागद दाखवले होते. "आबा म्हणत्यात, कागद काय, छापून मिळत्यात. मेसच्या पोराला खोटं बोलून काय मिळणार हाय?"

मी आमटीची बादली विसळायला घेतली.

"तू खोटं न्हाईच बोललास रं," तो म्हणाला. "अर्ध्यात थांबलास. परीक्षेचा फारम तेवढा भर."

भरला. पासही झालो. त्याच कागदावर आज नागपूरच्याही पलीकडे एका कारखान्याचं गोदाम सांभाळतो. साहेबांनी कुणाबद्दल काही विचारलं की एकदा सांगितलेलं परत जाऊन नीट सांगून येतो. कर्नल सोन्याच्या दुकानातच राहिला, असं ऐकतो.

हवालदार अजून आहेत. पुढच्या रजेला घरी जायच्या आधी कुंडलला उतरणार आहे. त्यांच्यापुढे बसून म्हणेन, "आबा, तुमचं पोरगं वर्गात पयलं हुतं. मला तवाबी ठावं हुतं."